ओस्लो ते बर्गन, फ्लोममार्गे : तिकिटं मधून काढायला घ्या

ओस्लोहून बर्गनला थेट गाडी आहे, साडेसहा-सात तासांत पोचवते. पण फ्योर्ड, म्हणजे उंच डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या, जवळून बघायचे असतील तर त्या गाडीतून मध्येच मिर्दालला उतरायचं, फ्लोमची घाटातली छोटी गाडी पकडायची, फ्लोमहून बोटीनं गुडवांगेन गाठायचं, तिथून बसनं वॉस आणि वॉसहून पुन्हा मोठ्या गाडीनं बर्गन. कंपन्या हाच प्रवास 'नॉर्वे इन अ नटशेल' या नावानं एका दिवसात बसवून विकतात. एका दिवसात तो होतोही, पण माझं ऐकाल तर फ्लोमला एक रात्र काढा आणि तिकिटं ओस्लोपासून नाही, फ्लोमपासून काढायला सुरुवात करा.

माझी सगळी नोकरी वडोदरा स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर झाली. पुढे दोन ठिकाणी गाडी बदलायची असलेला माणूस खिडकीशी आला की मी आधी विचारायची, "सगळ्यात कमी जागा कुठल्या गाडीत आहेत?" ते तिकीट हातात आलं की बाकीची त्याच्या मागेपुढे लावता येतात. नॉर्वेतही तेच गणित लागू पडतं. ओस्लो-बर्गन मोठी गाडी दिवसातून अनेकदा सुटते. फ्लोमची गाडी आणि बोट यांना मात्र उन्हाळ्यात जगभरची गर्दी असते, शिवाय फ्लोमच्या धक्क्याला क्रूझ लागली की हजारो माणसं एकदम उतरतात. म्हणून आधी तारीख ठरवून फ्लोमची गाडी आणि बोट पक्की करा, मग ओस्लोकडची बाजू आणि शेवटी बर्गनकडची.

कधी जायचं

मेअखेर ते जूनअखेर. त्या दिवसांत वरचा बर्फ वितळत असतो आणि धबधबे तुडुंब भरलेले असतात. ऑगस्टमध्ये हवा छान असते, पण बरेचसे धबधबे बारीक झालेले असतात. जुलैत नॉर्वेची माणसं स्वतःच सुटीवर निघतात, त्यामुळे राहायच्या जागा महागतात. आपल्या शाळांच्या सुटीमुळे मेच्या मध्यावर जाणार असाल तर 17 मे सोडून बेत आखा. तो त्यांचा राष्ट्रीय सण. मिरवणुका बघण्यासारख्या असतात, पण दुकानं बंद आणि वाहनांचं वेळापत्रक सुटीचं.

जूनमध्ये रात्री साडेदहानंतरही उजेड असतो. मुक्काम करणाऱ्याला याचा फार फायदा आहे. दिवसभराची गर्दी संध्याकाळी परतते आणि सगळं गाव तुमच्या वाट्याला येतं.

व्हिसा आणि पैसे

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसाच लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. फी 90 युरो आणि वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाखर्च. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा. बोटांचे ठसे द्यायला आम्ही वडोदऱ्याची माणसं अहमदाबादला जातो. सकाळच्या गाडीनं निघून संध्याकाळी घरी. जूनला जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज टाका. एप्रिल-मेमध्ये सगळा देश युरोपला निघालेला असतो.

व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारीच हॉटेलं घ्या. रेल्वेची स्वस्त तिकिटं बहुधा परत होत नाहीत, म्हणून ती व्हिसानंतर. मोठ्या गाडीची विक्री साधारण तीन महिने आधी सुरू होते, त्यामुळे हा क्रम आपोआप जुळून येतो.

क्रोन हे तिथलं चलन, त्याचा भाव बदलत राहतो. गेल्या काही वर्षांत तो आठ-नऊ रुपयांच्या आसपास खेळतो आहे. रोख पैशांची गरज जवळजवळ पडत नाही. कॉफीपासून स्वच्छतागृहापर्यंत सगळीकडे कार्ड चालतं. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू करून घ्या, आणि दोघं असाल तर दोन वेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगळ्या खिशांत ठेवा.

तिकिटं

'नटशेल'चं तयार पॅकेज घ्यावं की सुटी तिकिटं काढावीत, हा प्रश्न मला वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या ओळखीच्या प्रत्येकानं विचारला आहे. पॅकेजमध्ये सगळं एका जागी मिळतं, वेळा जुळवलेल्या असतात, ज्यांना संगणकाचा कंटाळा आहे त्यांनी तेच घ्यावं. पण मोठ्या गाडीचं सवलतीचं तिकीट वेळेवर काढलंत तर सुटं काढणं स्वस्त पडतं, आणि मुक्काम हवा तिथे टाकता येतो.

सुटं काढायचं ते असं. मोठी गाडी 'व्हाय' कंपनीची, तिच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर. फ्लोमची गाडी आणि बोट 'नॉर्वेज बेस्ट' या कंपनीच्या संकेतस्थळावर. बोटीनंतरची बस बोटीच्या वेळेशी जुळवलेली असते, तिचं तिकीटही आधीच काढून टाका. देशभरातल्या रेल्वे, बस आणि बोटी एका जागी दाखवणारं 'एन्टुर' नावाचं ॲप आहे, ते फोनवर घेऊनच ठेवा. फलाट बदलला, गाडीला उशीर झाला, सगळं त्यात कळतं. इंग्रजीतही चालतं.

वय 67 आणि वर असेल तर रेल्वेत सवलत मिळते, ओळखीला पासपोर्ट पुरतो. आपल्याकडे ज्येष्ठांची सवलत मार्च 2020पासून बंद झाली, तेव्हापासून खिडकीवर रोज किती म्हाताऱ्या माणसांना "नाही" म्हणावं लागलं ते मी पाहिलं आहे. आमच्या वन्संच्या तिकिटावर ज्येष्ठांचा दर छापून आला तेव्हा मला फार बरं वाटलं.

एक गोष्ट तिकीट काढण्याआधी न विसरता तपासा. तिथे रुळांची मोठी कामं उन्हाळ्यातच काढतात, कारण हिवाळ्यात बर्फ असतो. काही दिवस, बहुतेक शनिवार-रविवार, एखाद्या टप्प्यावर गाडीऐवजी बस सोडतात. वेळापत्रकात गाडीच्या जागी बसचं चिन्ह दिसलं तर सरळ तारीख बदला. ज्या डोंगरासाठी जायचं तोच टप्पा बसनं काढण्यात अर्थ नाही.

विमानाचं तिकीट काढताना जाताना ओस्लो आणि येताना बर्गन असं पाहा. अहमदाबादहून आखाती देशांतून जाणारी विमानं ओस्लोला पोचवतात. येताना बर्गनहून युरोपातल्या एखाद्या मोठ्या शहरात बदलून यावं लागतं. दोन-चार हजार रुपये जास्त गेले तरी ओस्लोला परतायचा अख्खा दिवस वाचतो.

बरोबर काय घ्यायचं

सामान एवढंच न्या की प्रत्येकाला आपलं आपण डब्यात चढवता येईल. हमाल नाहीत, आणि गाडी, गाडी, बोट, बस, गाडी अशी पाच वेळा चढउतार आहे. माझ्या मते दहा किलोची चाकांची बॅग आणि पाठीवर एक सॅक ही हद्द. ते जमणारच नसेल तर ओस्लोच्या हॉटेलातून बर्गनच्या हॉटेलात सामान पोचवणारी सेवा मिळते. फ्लोमच्या रात्रीपुरते कपडे सॅकमध्ये ठेवायचे.

वडोदऱ्यात पारा 42वर असताना लोकरीचे कपडे बॅगेत भरायला मन होत नाही, पण भरा. फ्लोमला दुपारी 15-18 अंश असले तरी बोटीच्या डेकवर वारा हाडात शिरतो. आत पातळ थर्मल, मग स्वेटर, वरून वारा आणि पाऊस दोन्ही अडवणारं जाकीट. कानटोपी आणि हातमोजे हवेतच. छत्री नको, वाऱ्यात ती उलटी होते. साडी नेसणाऱ्यांनी या दोन दिवसांपुरता पंजाबी ड्रेस किंवा पँट घालावी. ओला काठ पायाशी घेऊन बोटीच्या उतारावरून चालणं बरं नाही.

खाण्याचं. नॉर्वेत बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा पेढे, श्रीखंडवड्या आणि तुपाची बरणी घरीच राहू द्या. खाखरे, भाकरवडी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, मेतकूट आणि मुगाच्या खिचडीचं तयार मिश्रण एवढ्यावर आमचं छान भागलं. स्वयंपाकघर असलेली खोली किंवा केबिन मिळाली तर घ्याच. फ्लोमच्या कॅम्पिंगमध्ये अशी सोय आहे. फक्त फोडणी मंद आचेवर आणि खिडकी उघडून. मोहरी-मिरचीच्या धुरानं आगीची घंटा वाजू शकते. ओस्लोत 'किवी', 'रेमा' अशी वाणसामानाची स्वस्त दुकानं आहेत. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून दही, ब्रेड, फळं शनिवारीच घेऊन ठेवा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. नळाचं पाणी उत्तम, डोंगरातून येतं.

ओस्लो ते मिर्दाल

सकाळची गाडी घ्या. स्टेशनवर वीस मिनिटं आधी पोचलात तरी पुरे, कारण आसनक्रमांक तिकिटावर असतो. बर्गनकडे जाताना डावीकडची खिडकी मागा. फिन्सेजवळची हार्दांगर हिमनदी दक्षिणेला आहे, म्हणजे डाव्या हाताला.

पहिले दोन-तीन तास शेतं, जंगलं, तळी. गाडी हळूहळू चढत असते, ते कळतही नाही. मग झाडं खुरटी होतात, मग संपतात, आणि हार्दांगरविद्दा पठार लागतं. फिन्से हे या मार्गावरचं सगळ्यात उंच स्टेशन, 1,222 मीटर. जूनमध्येसुद्धा फलाटाच्या पलीकडे बर्फ असतो आणि तळं अर्धं गोठलेलं असतं. हा मार्ग 1909 साली पूर्ण झाला. मजुरांसाठी आणि मालासाठी रुळांच्या कडेनं जो रस्ता बांधला होता तो अजून आहे, आता त्यावरून लोक सायकली चालवतात. खिडकीतून मध्येमध्ये दिसतो.

फिन्से गेलं की आवराआवर सुरू करा. मिर्दालला गाडी फार वेळ थांबत नाही. हे 867 मीटर उंचीवरचं लहानसं स्टेशन, इथवर मोटाररस्ताच नाही. उतरलात की फ्लोमची हिरवी गाडी जवळच उभी असते. दोन गाड्यांच्या वेळांत निदान अर्धा तास राहील असं तिकीट काढा. मोठी गाडी दहा मिनिटं उशिरा आली तरी जीव टांगणीला लागत नाही. स्टेशनात बसायला जागा आहे, कॉफी मिळते.

फ्लोमची गाडी

आता रेल्वेवाल्या बाईला थोडं बोलू द्या.

खंडाळ्याच्या बोरघाटात चढ 37ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. त्यासाठी कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, हे तुम्ही पाहिलं असेल. फ्लोमच्या मार्गावर चढ 18ला 1पर्यंत जातो, आणि सुमारे 80 टक्के मार्ग असाच तीव्र आहे. तरी मध्ये गाडीला धरून ठेवणारा दात्यांचा रूळ नाही. नेहमीच्या रुळांवर, नेहमीच्या चाकांवर ही गाडी 20 किलोमीटरांत 865 मीटर उतरते आणि समुद्रापासून दोन मीटर उंचीवर येऊन थांबते. उतरताना वेग ताशी 30 किलोमीटर ठेवतात, चढताना 40. खिडकी असेल तर वळणावर डोकं बाहेर न काढता पुढचे डबे बघा, गाडी किती वाकली आहे ते कळेल.

वीस बोगदे आहेत, त्यांतले अठरा मजुरांनी हातानं खणले. एकेका मीटरला महिना लागायचा असं तिथे सांगतात. काम 1920च्या दशकात सुरू झालं, गाडी धावली 1940 साली, तीही आधी वाफेवर, 1944पासून विजेवर. एक बोगदा डोंगराच्या आतच अर्धवर्तुळ घेऊन उलट फिरतो, त्यामुळे मघाशी डावीकडे दिसणारी दरी बाहेर आल्यावर उजवीकडे येते. म्हणूनच इथे कुठली बाजू घ्यावी याची काळजी करू नका. दोन्ही बाजूंना सारखंच भरभरून आहे. हा मार्ग पर्यटकांसाठी बांधलेला नव्हता. सोग्नेफ्योर्डच्या काठची गावं मुख्य रेल्वेला जोडायची होती. आमच्या डभोई-मियागाम लाइनवर 1862 साली बैल जुंपून गाडी ओढायला सुरुवात झाली, तीही कापूस आणण्यासाठीच. बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे माल होता, आपण त्याचं देखणेपण बघायला जातो.

मिर्दाल सोडल्यावर थोड्या वेळात शोसफॉसेन धबधब्यापाशी गाडी पाच-एक मिनिटं थांबते आणि सगळ्यांना फलाटावर उतरू देतात. खरं तर हा फलाट म्हणजे धबधब्यासमोरचा लाकडी सज्जाच. पाणी वरच्या तळ्यातून एकूण 225 मीटर खाली येतं. जूनमध्ये तुषार चष्म्यावर साचतात, बाजूच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागतं, पायाखालच्या फळ्या थरथरतात. उन्हाळ्यात तिथल्या लोककथेतली हुल्द्रा, म्हणजे डोंगरातली मोहिनी, लाल झग्यात खडकावर येऊन नाचते. नृत्यशाळेतल्या मुली हे काम करतात. सगळे फोन उंच करून तिलाच टिपत असतात. तुम्ही मान थोडी वर करा, पाणी कड्यावरून सुटतं ती जागा पाहा. उतरताना फोन मनगटाला अडकवा, जाकिटाची चेन वर ओढा आणि शिट्टी होताच परत या. पायाचा त्रास असलेल्या माणसानं दाराजवळची जागा धरावी. वन्संचे गुडघे कुरकुरतात, पण दाराशी बसल्या होत्या म्हणून आमच्यात सगळ्यात आधी त्याच धबधब्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

त्यानंतर दरी रुंदावते. डाव्या-उजव्या कड्यांवरून पाण्याच्या सरी लोंबत असतात, रिओअँदफॉसेन तर 140 मीटर सरळ खाली पडतो. मग शेळ्या, सफरचंदांची झाडं, 1670 सालचं तपकिरी लाकडी चर्च, आणि तासाभरात फ्लोम.

फ्लोमची संध्याकाळ

रात्र काढायची ती यासाठी. सामान ठेवलं की स्तेगास्ताइनची बस घ्या. ऑरलँडफ्योर्डच्या 650 मीटर वर डोंगरातून 30 मीटर पुढे काढलेला लाकडी-पोलादी सज्जा आहे, टोकाला फक्त काच. वरून सगळा फ्योर्ड एका नजरेत येतो आणि उद्या बोट कुठून जाणार हे समजतं. बस अरुंद वळणांनी चढते, ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं. बसची जागा आधी राखून ठेवा, उन्हाळ्यात भरते.

परत येऊन जेवण करा आणि साडेआठ-नऊनंतर दरीकडच्या रस्त्यानं चर्चपर्यंत चालत जा. तीन-एक किलोमीटर, सपाट. त्या वेळी गाड्या थांबलेल्या असतात, फक्त नदीचा आवाज असतो. ज्यांचा एका दिवसात सगळं उरकायचा बेत आहे त्यांना हे मिळत नाही, म्हणून मी एवढा आग्रह धरते.

बोट

सकाळची बोट उत्तम. धक्का स्टेशनच्या पुढ्यातच आहे. बसायच्या जागांना क्रमांक नसतात, म्हणून अर्धा तास आधी रांगेत लागा. प्रवास सुमारे दोन तासांचा. या मार्गावरच्या दोन जुळ्या बोटींपैकी एक 2016 साली आली, दुसरी 2018मध्ये आली ती पूर्णपणे बॅटरीवर चालते. बाहेरचे डेक पायऱ्यांनी न जोडता नागमोडी उतारांनी जोडले आहेत, डोंगरातल्या पायवाटेसारखे. चाकांच्या खुर्चीतलं माणूसही वरपर्यंत जाऊ शकतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर नेणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, आणि तिकीट काढताना बोट कोणती ते पाहावं.

बोट आधी ऑरलँडफ्योर्डमधून उत्तरेला जाते. पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळे रेलिंगला चिकटलेले असतात, मग थंडीनं आत पळतात. तुम्ही उलटं करा. सुरुवातीला आत बसून कॉफी घ्या, थेपला खा, हात गरम ठेवा. डाव्या काठावर उन्द्रेदाल दिसलं की कपडे चढवा. हे शेळीच्या दुधाच्या तपकिरी चीजसाठी नावाजलेलं गाव, आणि तिथलं चाळीस-एक माणसांचं लाकडी चर्च बाराव्या शतकातलं आहे. त्यानंतर थोड्या वेळात बोट डावीकडे वळते आणि नॅरॉयफ्योर्ड सुरू होतो. आता बाहेर यायचं आणि शेवटपर्यंत बाहेरच राहायचं.

हा फ्योर्ड 2005पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. सगळ्यात अरुंद जागी रुंदी जेमतेम 250 मीटर आणि दोन्ही बाजूंचे डोंगर 1,700 मीटरांपर्यंत उंच. हिमयुगातल्या हिमनद्यांनी हा खडक समुद्रपातळीच्याही खाली कोरून काढला. बर्फ गेला आणि समुद्राचं पाणी आत आलं. ऑरलँडफ्योर्ड आणि नॅरॉयफ्योर्ड हे दोन्ही ज्या सोग्नेफ्योर्डचे फाटे आहेत तो 200 किलोमीटरांहून लांब आणि मध्ये 1,300 मीटर खोल आहे, मुखाशी मात्र उथळ. हिमनदी मुखाशी पातळ झाली, तिथे तिचा जोर संपला, म्हणून.

काठावर डोंगराच्या पायथ्याशी चार-दोन घरांची वस्ती दिसते : दिरदाल, स्तीवी, बाक्का. बाक्काला पांढरं छोटं चर्च आहे. यातल्या काही ठिकाणी माणसं शतकानुशतकं होडीनंच ये-जा करत आली. वर पाहिलं की कड्याच्या मधोमध हिरव्या पट्टीवर एखादं जुनं शेतघर. तिथवर गुरं कशी नेली असतील, लेकरांना कशी सांभाळली असतील, हा विचार मनात येतोच. बॅटरीची बोट असेल तर धबधब्यांचा आवाज सरळ कानावर येतो. 1 जानेवारी 2026पासून या वारसा-फ्योर्डांत दहा हजार टनांखालच्या प्रवासी जहाजांना प्रदूषण न करता चालणं सक्तीचं झालं आहे. अरुंद दरीत धूर अडकून राहतो, ते पाहिलेल्यांनाच हा नियम किती गरजेचा होता ते कळेल.

फोटो काढायचे तर बोटीच्या मागच्या डेकवरून. पुढे वारा तोंडावर येतो आणि हात हलतो. मागून दरी मिटत जाताना दिसते आणि वाराही अडतो. पाऊस असेल तर हळहळू नका, पावसात धबधबे वाढतात. डोंगर ढगात गेले तरी हा फ्योर्ड इतका अरुंद आहे की कडे दिसतच राहतात.

बस आणि शेवटची गाडी

गुडवांगेनला उतरलं की बस जवळच उभी असते. घाईनं पुढे धावायची गरज नाही, पण बोटीतल्या दुकानात रेंगाळूही नका. वॉसपर्यंत तासभराचा रस्ता. उजवी-डावी करत बसू नका, मिळेल ती खिडकी घ्या. सुरुवातीला उभ्या कड्यांची दरी, मग तळी आणि शेतं, आणि वॉसच्या थोडं आधी पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा त्विन्देफॉसेन. काही बस तिथे थांबतात.

वॉसला एखादी गाडी सोडून पुढच्या गाडीचं तिकीट काढा. स्टेशनला लागूनच डोंगरावर जाणारी गोंडोला आहे, आणि पाच मिनिटांवर तेराव्या शतकातलं दगडी चर्च. गोंडोलाला पैसे घालायचे नसतील तर तळ्याकाठी बसून उरलेले खाखरे संपवा. आम्ही तेच केलं.

वॉस ते बर्गन सव्वा तास. इथे उजवी खिडकी, कारण गाडी बराच वेळ फ्योर्डच्या कडेनं धावते आणि पाणी उजव्या हाताला असतं. बोगदे खूप आहेत, दोन बोगद्यांच्या मध्ये पाणी क्षणभर दिसतं, तेव्हा फोन बाजूला ठेवा.

बर्गनला वर्षात दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो, जाकीट बॅगेच्या तळाशी टाकू नका. बंदरावरची ब्रुग्गेनची लाकडी घरं आणि 320 मीटरवर नेणारी फ्लोयबानेन ही तारेनं रुळांवरून ओढली जाणारी रेल्वे, दोन्ही स्टेशनपासून चालत जाण्याजोगी आहेत. फ्लोयबानेनला दिवसा रांग असते; रात्री आठनंतर गर्दी ओसरते आणि जूनमध्ये त्या वेळी लख्ख उजेड असतो. विमानतळावर टॅक्सीनं जाऊ नका. शहरातून थेट विमानतळाच्या दाराशी जाणारी ट्राम आहे, 45 मिनिटं लागतात, तिकीट ॲपवर किंवा थांब्यावरच्या यंत्रावर निघतं. फक्त ते चढण्याआधी काढायचं, आत मिळत नाही.